सप्टेंबरातला एल्क: आधी माद्या शोधा, मग नराला हाक द्या

एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं थोराड हरीण, आणि बिगुल म्हणजे त्याच्या नराची हाक. पहिल्यांदा तो बिगुल ऐकला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी गंजलेलं लोखंडी फाटक ओढतंय. पहाटेचे पाच वाजलेले, कोलोरॅडोतला दहा हजार फुटांवरचा डोंगर, आसपास ना घर ना कुंपण. फाटक येणार कुठून? आवाज खालच्या पट्टीत सुरू झाला, चढत चढत शिट्टीसारखा बारीक झाला, टोकाला जाऊन तुटला आणि मागोमाग तीन-चार जाड हुंकार आले. ज्यांच्या मागे मागे मी तिथवर गेलो होतो ते आमचे सत्तरीचे शेजारी काका मात्र भलतीकडेच कान लावून उभे होते. नंतर त्यांनी विचारलं, बिगुल राहू दे, त्याच्या आधी डाव्या बाजूला एक मादी बारीक ओरडली, ती ऐकलीस का? मी ऐकली नव्हती.

सप्टेंबरात धनुष्य घेऊन एल्कच्या शिकारीला डोंगरात जाणारे बहुतेक नवखे माझ्यासारखेच नराच्या आवाजामागे धावतात. पण कळप कुठे चरणार, कुठे बसणार, कधी उठणार हे नर ठरवत नाही. ते एखादी वयस्कर मादी ठरवते. नर आपला मागून आरडाओरडा करत येतो. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

मी अकोले तालुक्यातला. घरी गाई होत्या. गाय माजावर आली की रात्रभर हंबरायची, दावं तोडू बघायची. तो दिवस हुकला की पुन्हा एकवीस दिवस थांबायचं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. एल्कच्या मादीचं जवळपास तसंच आहे. तिचा माज पुरता एक दिवसही टिकत नाही आणि फळली नाही तर साधारण तीन आठवड्यांनी परत येतो. इथले लोक या हंगामाला 'रट' म्हणतात, मी माज म्हणतो. नराकडे बघितलं की त्या शब्दाचा दुसरा अर्थही चपखल बसतो.

प्राणी नेमका कोणता

युरोपात 'एल्क' म्हणतात तो मूस, हा प्राणी तो नव्हे. याचं दुसरं नाव वापिती. शॉनी लोकांच्या भाषेतला हा शब्द, अर्थ पांढऱ्या पुठ्ठ्याचा, म्हणजे पांढऱ्या ढुंगणाचा. झाडीत अंग दिसत नाही, पण फिकट पुठ्ठा दिसतो, त्यामुळे नाव अगदी योग्य. आपल्या देशात याचा जवळचा नातेवाईक म्हणजे काश्मीरचा हंगुल. सांबर नात्याने लांबचं असलं तरी सवयी ओळखीच्या वाटतील: चिखलात लोळणं, झाडाच्या सालीवर शिंगं घासणं, धोका दिसला की ठणकावून ओरडणं.

रॉकी पर्वतातला मोठा नर तीनशे किलोच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. शिंगं दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये गळतात आणि पुन्हा येतात. उन्हाळ्यात ती दिवसाला दोन-अडीच सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतात. आजी बाळगुटीबरोबर सांबरशिंग उगाळायची तेव्हा ते मेलेल्या जनावराचंच असतं असं मी धरून चाललो होतो. ते जंगलात गळून पडलेलंही असू शकतं, हे मला इथे येऊन कळलं.

माज थंडीने येत नाही

दर सप्टेंबरात कुणीतरी म्हणतंच, 'अजून गरम आहे, यंदा माज लांबलाय.' लांबत नसतो. माजाचं घड्याळ दिवसाच्या लांबीवर चालतं. उजेड कमी होऊ लागला की नराच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन वाढतं, शिंगांवरची मखमल, म्हणजे वाढत्या शिंगांवरचं लवदार कातडं, सुकून सुटते, मान फुगते. पाडसं मेअखेर-जूनमध्ये, कोवळं गवत असताना जन्माला यायला हवीत आणि गाभणकाळ आठ महिन्यांहून थोडा जास्त. उलटं मोजलं की सप्टेंबरचा उत्तरार्ध येतो. म्हणून बहुतेक माद्या 20 सप्टेंबरच्या आगेमागे, शरद संपाताच्या सुमाराला फळतात, मग हवा कशीही असो.

उन्हाने फरक पडतो तो वेळेत. जाड हिवाळी केस यायला लागलेलं हे धूड दुपारी पंचवीस अंशांत धावपळ करत नाही. सगळा तमाशा रात्री होतो आणि आपण सकाळी आठला चढून गेलो की जंगल गप्प. गरम आठवड्यात माझा एकच उपाय: रात्री अडीच-तीनला उठून धारेवर बसायचं आणि आवाज कुठल्या घळीतून येतात ते नुसतं ऐकायचं. पहाटे कुठे जायचं ते तिथेच ठरतं.

आठवड्यागणिक काय बदलतं

कोलोरॅडोत गेली काही वर्षं धनुष्याचा हंगाम 2 ते 30 सप्टेंबर असा असतो. या चार आठवड्यांत एल्क चार वेगवेगळ्या प्राण्यांसारखा वागतो. 3 तारखेची युक्ती 23 तारखेला वापरली की पदरी निराशा, आणि उलटही तेच.

ऑगस्टच्या शेवटी नर अजून टोळक्याने असतात. शिंगांची मखमल निघाली की कोवळ्या झाडांवर शिंगं घासतात, एकमेकांशी हलक्या कुस्त्या खेळतात. यात वैर नसतं, जोखून बघणं असतं. साल सोललेलं झाड दिसलं तर बोट लावा. चीक ओला आणि लाकूड पांढरंफेक असेल तर घासणी ताजी. तपकिरी, वाळलेली असेल तर ती गेल्या वर्षीचीही असू शकते.

सप्टेंबरचा पहिला आठवडा-दहा दिवस नर एकेकटे होऊन माद्यांचे कळप शोधत फिरतात. बिगुल थोडा, तोही रात्री आणि झुंजुमुंजूला. या दिवसांत पाणी आणि लोळणीची डबकी सगळ्यात भरवशाची. लोळणीचं डबकं म्हणजे झऱ्याकाठची, म्हशीच्या डुंबण्यासारखी चिखलाची खाच. नर तिथे स्वतःच्याच पोटावर मुततो, लोळतो आणि तो वास मिरवत निघतो. पाणी गढूळ, काठावर ओले केस आणि बोकडासारखा उग्र दर्प असेल तर दुपारी दोननंतर वाऱ्याखाली, म्हणजे वारा तिकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला, बसायला ही उत्तम जागा. गरम दिवशी नर भरदुपारीही येऊन जातो. हे बसणं कंटाळवाणं असतं, पण माझ्या मते नवख्याने पहिलं वर्ष हेच करावं. हाका मारत डोंगर पालथा घालण्यापेक्षा यात चुका कमी होतात.

10 ते 20 सप्टेंबर हे हाक देणाऱ्याचे दिवस. कळप बांधले जात असतात, कुणाकडे पाच माद्या, कुणाकडे पंधरा, आणि मालकी अजून पक्की झालेली नसते. नर चिडके असतात, उत्तर देतात, कधी कधी धावत येतात. सुट्टी फक्त आठवड्याची मिळणार असेल तर मी याच दिवसांत घेईन.

20 नंतर खरा माज, आणि गंमत म्हणजे मोठा नर हाकेला यायचा बंद होतो. त्याच्याकडे माद्या आहेत, तो त्या सोडून तुमच्याशी भांडायला कशाला येईल? तुम्ही आव्हान दिलंत की तो माद्यांना शिंगांनी ढोसत दुसऱ्या डोंगराकडे हाकलत नेतो. नवख्याला वाटतं, आपण चुकीचा आवाज काढला. आवाज बरोबरच होता, अंतर चुकलं. या दिवसांत कळपाच्या भोवती घिरट्या घालणारे दुय्यम नर मात्र मऊ मादीच्या आवाजाला चटकन फसतात. मोठा नर या महिन्याभरात धड खात नाही. त्याचं वजन पाचव्या हिश्श्यापर्यंत घटू शकतं, बरगड्या दिसायला लागतात. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात न फळलेल्या माद्या पुन्हा माजावर येतात तेव्हा थोडी गडबड उडते. एरवी मोठे नर एकेकटे दाट रानात गप पडून राहतात.

या वेळापत्रकात एक खोड माणूस घालतो. हंगामाच्या पहिल्या शनिवार-रविवारी रस्त्यालगतच्या प्रत्येक घळीत कुणी ना कुणी बिगुल वाजवत असतं. सोमवारपर्यंत कळप रस्त्यापासून दूर किंवा खासगी कुरणांत सरकतात आणि नर मुके होतात. ते गेलेले नसतात, शहाणे झालेले असतात.

नकाशावर कुठे बघायचं

सह्याद्री फिरलेल्या माणसाला इथली जमीन वाचणं सोपं जातं. धार, सोंड, घळ, खिंड, पदर हे सगळं इथेही आहे, फक्त मोठं. एल्कला तीन गोष्टी जवळजवळ हव्या असतात: गवत, पाणी आणि दिवसा बसायला काळोखी सावली. गवत उघड्या माळावर आणि अ‍ॅस्पेनच्या झाडीत मिळतं. सावली उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावरच्या स्प्रूस-फरच्या दाट रानात, तिथे जमीनही गार राहते. या उतारावर अर्ध्या उंचीवर जिथे पदर असतो, म्हणजे उतार थांबून पाच-पन्नास पावलं सपाटी येते, तिथे कळप बसतो. पाठीला चढ, समोर उताराचा अंदाज, आणि खालून चढणारा वारा वास आणून देतो.

घरी बसून नकाशावर असे पदर हेरा, जवळचा झरा आणि वरचा माळ यांना जोडणारी खिंड शोधा. प्रत्यक्ष गेल्यावर खात्री करून घ्यायची ती लेंड्यांनी. ओल्या, चकचकीत, हिरवट काळ्या म्हणजे आज-कालच्या. ठशांमध्ये पाडसांचे छोटे खूर दिसले तर आनंद माना, कारण पाडसं आहेत म्हणजे माद्या आहेत, आणि 15 तारखेनंतर माद्या आहेत तिथे नर येणारच. नुसत्या मोठ्या खुरांच्या मागे दिवस घालवू नका. तो गडी कदाचित रात्रीतून आठ-दहा किलोमीटर पुढे गेला असेल.

उंचीचं तेवढं सांभाळा. डेन्व्हर शहर 1,609 मीटरवर, कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, म्हणजे इथला माणूस रोजच कळसूबाईच्या माथ्याजवळ राहतो. एल्क मात्र सप्टेंबरात नऊ ते अकरा हजार फुटांवर असतात. सपाटीवरच्या राज्यातून विमानाने येऊन दुसऱ्या पहाटे चढायला निघू नका. दोन रात्री मध्ये काढा, पाणी पीत राहा. डोकं ठणकून मळमळायला लागलं तर एल्क सोडून खाली उतरा.

वारा

एल्कच्या डोळ्यांना तुम्ही फसवू शकता, कानांना समजावू शकता, कारण तेही चालताना काटक्या मोडतातच. नाकापुढे काही चालत नाही. कपडे कुठल्याही साबणात धुवा, मी धुऊन बघितलेत. वारा त्यांच्याकडे गेला की खेळ संपला.

डोंगरातला वारा साधारण असा चालतो: रात्री आणि पहाटे गार हवा जड होऊन घळीतून खाली वाहते. ऊन लागून उतार तापला की नऊ-दहाच्या सुमाराला ती उलटते आणि वर चढते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. म्हणून पहाटे कळपाच्या खालच्या बाजूने किंवा त्याच उंचीवरून आडवं जायचं, ऊन वर आलं की वरच्या बाजूने. आणि वारा उलटण्याच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात काहीही करायचं नाही. खिशात पावडरची छोटी पिचकारी ठेवा आणि दर काही पावलांनी फुस्स करून बघा. शेजारचे काका सिगारेट सोडून वीस वर्षं झाली तरी लायटर खिशात ठेवतात, ज्योत कुठे झुकते ते बघायला.

वारा उलटताना काहीही न करण्याचा नियम मी मोडून शिकलोय. तिसऱ्या वर्षीची गोष्ट, 18 सप्टेंबर. बारा माद्या आणि एक नर पदरावर, मी त्यांच्या खाली चाळीस यार्डांवर एका पडलेल्या ओंडक्यामागे. इतक्या जवळून नर आधी कधीच बघितला नव्हता. पोटाखालचे केस चिखल-मुताने काळे आणि गुंडाळलेले, एका शिंगाच्या टोकाला उपटलेल्या गवताचा झुपका लोंबत होता. एक मादी मुतली तशी तो तिथे गेला, नाक लावलं आणि वरचा ओठ मुडपून मान वर करून उभा राहिला, अगदी आमच्या गावच्या वळूसारखा. मी घड्याळ बघितलं, सव्वानऊ. मागे सरकायला हवं होतं. पण तो आडवा होईल, आता होईल, असं म्हणत थांबलो. मग मानेच्या मागे गार झुळूक लागली. मला लागली म्हणजे पुढच्या श्वासात त्यांना लागणार. नराला पत्ताच नव्हता. कडेला उभ्या म्हाताऱ्या मादीने डोकं वर केलं, कुत्र्यासारखी एकदाच भुंकली आणि दहा सेकंदांत पदर रिकामा. नर सगळ्यात शेवटी गेला.

हाक कधी, कशी

लागतात दोनच वस्तू: टाळूला लावायची रबरी पडदी, तिला इथे डायफ्राम म्हणतात, आणि आवाज लांब फेकायची नळी. डायफ्राम जुलैपासून गाडीत वाजवत राहा. पहिले पंधरा दिवस ओकारी येते, नंतर सवय होते. ट्रॅफिकमध्ये शेजारच्या गाडीतले लोक बघतात, त्याला इलाज नाही.

आधी मादीचा आवाज शिका. मांजराच्या पिल्लासारखा, वरून खाली घसरणारा 'मिऊ', छोटा आणि मऊ. हा आवाज महिनाभर चालतो. चालताना काटकी मोडली तर एकदा 'मिऊ' केलं की त्यांना वाटतं आपल्यातलंच कुणी आहे. माजावरच्या मादीचा आवाज लांब, नाकातला, हेका धरल्यासारखा असतो. तो 15 तारखेच्या आत वापरू नका आणि नंतरही जपून.

नराचे बिगुल ढोबळपणे दोन कामाचे. एक साधा, शेवटच्या हुंकारांशिवायचा: 'मी इथे आहे, तू कुठे?' पहाटे अंधारात धारेवरून असा एक द्यायचा आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. उत्तर आलं की पुन्हा वाजवायचं नाही, चालू लागायचं. दुसरा आव्हानाचा, अखेरीला जोरकस हुंकार असलेला. तो राखून ठेवा. आवाजाच्या जाडीवरून नराचा आकार ठरवू नका, घोगरा आवाज काढणारे काटकुळे नर मी बघितलेत.

20 नंतर कळप सापडला तर गप्प राहून वाऱ्याखालून शंभर यार्डांच्या आत पोचा. मगच आव्हान द्या आणि बरोबर एक वाळकी फांदी घेऊन झुडपावर बडवा, नर शिंगांनी बडवतो तशी. अर्ध्या मैलावरून दिलेलं आव्हान त्याच्या लेखी गावगप्पा, त्याच्या अंगणात उभं राहून दिलेलं आव्हान तो ऐकून घेत नाही. दोघे असाल तर हाक देणारा धनुर्धाऱ्याच्या मागे पन्नास-साठ यार्डांवर थांबू द्या. नर आवाजाच्या जागेकडे बघत येतो आणि जवळ आल्यावर वास घ्यायला वाऱ्याखाली वळसा घालतो. धनुर्धारी त्या वळशाच्या वाटेवर बसलेला हवा.

आणि एकदा दिलेल्या हाकेनंतर निदान वीस मिनिटं हलू नका. मुका नर येतोच. माझे दोन नर मी उठून पाठीवर पिशवी चढवत असताना समोर उभे होते.

बाण

अंतर तुमच्या सरावाइतकंच ठेवा. माझं तीस यार्ड आहे आणि त्यापलीकडे मी दोरी ओढत नाही. समोरासमोर छाती करून उभ्या नरावर बाण टाकू नका. तो आडवा होऊ दे किंवा किंचित पाठमोरा होऊ दे, जवळचा पुढचा पाय पुढे पडू दे, मग खांद्यामागे, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात. बाण लागल्यावर लगेच 'मिऊ' करा, पुष्कळदा तो थांबतो. मग घड्याळ लावून अर्धा तास बसून राहा. रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुसातलं, तो जवळच सापडेल. बाणाला हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात लागलाय. तेव्हा कित्येक तास थांबावं लागतं, घाई केली की जनावर उठून मैलभर जातं आणि वेदनेत मरतं. अशी वेळ येऊ नये म्हणूनच तीस यार्ड.

नियम

नियमांचं पुस्तक कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ दरवर्षी काढतं आणि दरवर्षी बदलतं, म्हणून त्या वर्षीचंच वाचा. न बदलणाऱ्या काही गोष्टी: 1 जानेवारी 1949 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स केल्याशिवाय परवाना नाही. बाण सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच. राज्याच्या पश्चिम भागातल्या बहुतेक विभागांत नराच्या एका शिंगाला चार टोकं तरी हवीत, नाहीतर कपाळाजवळचं टोक पाच इंचांचं. सप्टेंबरच्या मध्याला ठासणीच्या बंदुकीवाल्यांचा नऊ दिवसांचा हंगाम याच रानात असतो. त्या दिवसांत तुम्हाला भडक रंग सक्तीचा नसला तरी ये-जा करताना नारिंगी टोपी घाला. एल्कला तो रंग आपल्याइतका दिसत नाही, माणसाला दिसतो.

एच-वन-बीवाल्यांसाठी एक जादा ओळ. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगण्याबाबत संघीय कायद्याचे वेगळे निर्बंध आहेत आणि शिकारीच्या परवान्याचा अपवादही आहे, त्याची नीट चौकशी केल्याशिवाय कुणाची बंदूक हातातही घेऊ नका. धनुष्याला तो कायदा लागत नाही. मी धनुष्याकडे वळलो त्याचं खरं कारण हेच.

धनुष्य नको, नुसतं बघायचंय

मग कोलोरॅडोतलंच एस्टेस पार्क नावाचं गाव आणि त्याला लागून असलेलं रॉकी माउंटन नॅशनल पार्क. तिथले मूळचे एल्क शिकारीत संपले होते. 1913-14 मध्ये यलोस्टोनहून आणून सोडले, त्यांची ही पिलावळ. मोरेन पार्क आणि हॉर्सशू पार्कच्या माळांवर सप्टेंबरअखेरीस संध्याकाळी पाचनंतर जा, गाडी बाजूला लावा, काचा खाली करा. माजाच्या दिवसांत संध्याकाळपासून सकाळपर्यंत या माळांवर पायी उतरायला बंदी असते. तोंडाने किंवा नळीने एल्कचे आवाज काढायलाही मनाई आहे, तुमचा डायफ्राम घरी ठेवा. पंच्याहत्तर फूट अंतर राखा, म्हणजे दोन बस एकामागे एक उभ्या कराल तेवढं. गावातल्या रस्त्यांवर, गोल्फच्या मैदानावर नर फिरताना दिसतो म्हणून तो माणसाळलेला नाही. सेल्फीसाठी पाठ फिरवून उभे राहणारे आपले लोक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

बघणाऱ्यांनीही हाच प्रयोग करून बघावा. सगळे कॅमेरे नराकडे वळलेले असताना तुम्ही कळपाच्या कडेची, सतत कान फिरवणारी मादी शोधा. ती चरायचं सोडून एका दिशेला बघत राहिली की तिकडून दुसरा नर येतोय. कॅमेरे मिनिटभराने वळतात.

नंतरचं काम

हे आधी वाचून मग बाण सोडा. मोठ्या नराचं हाडाविना मांसच ऐंशी-शंभर किलो भरू शकतं आणि ते पाठीवरून आणायचं असतं. गाडी तीन मैलांवर असेल तर एकट्याला चार-पाच फेऱ्या, म्हणजे दोन दिवस. खोल घळीच्या तळाशी नर उभा असेल तर मी सोडून देतो. सप्टेंबरातलं दुपारचं ऊन मांस नासवतं, त्यातही मागच्या तंगडीचा खुब्याजवळचा जाड भाग आधी जातो. कातडं लगेच काढा, तंगड्या सुट्या करा, सुती पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल अशा टांगा. लिंगाचा पुरावा मांसाला जोडलेला ठेवावा लागतो, तो साफ करताना कापून टाकू नका.

डोकं तपासणीला द्या. हरणांच्या मेंदूला पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज पहिल्यांदा लक्षात आला तो याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सला, 1967 मध्ये. निकाल येईपर्यंत मांस नावनिशी बांधून फ्रीजरमध्ये वेगळं ठेवा आणि रोग निघाला तर खाऊ नका.

निकाल चांगला आला की चरबी सगळी खरवडून टाका, ती मेणासारखी टाळूला चिकटते. मांसात स्वतःचं तेल नसतं, म्हणून फोडणीला हात सैल सोडा. काळा मसाला घातला तर मागच्या तंगडीला बोकडापेक्षा दोन शिट्ट्या जास्त लागतात.